जुना आय५, बारा हजारांचं बजेट: व्हॅलोरंट आणि सीएस२ अडखळू नये म्हणून नेमकं काय बदलू?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
मशीन असं आहे: प्रोसेसर इंटेल आय५-३४७०, एच६१ मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच स्टिक, ५०० जीबी हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला '४५० वॉट'चा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८, फक्त व्हीजीए. ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १०. फायबरचं ५० एमबीपीएस कनेक्शन पुढच्या खोलीत, मशीन मागच्या खोलीत, मधे यूएसबीचं वायफाय डोंगल.

दोन्ही ऑनलाइन गोळीबाराचे गेम: व्हॅलोरंट मधेच थिजतं, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) तर खेळण्यासारखं नाहीच. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) २५ वरून एकदम ३०० वर जातो. दुकानात दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे एकच उत्तर: ग्राफिक्स कार्ड टाका. बजेट १२,००० च्या आत. कार्डच घेऊ का?

भुसावळ_लोको
थांबा भाऊ. तुम्ही एका दमात दोन वेगळे आजार सांगितलेत. चित्र थिजणं हा मशीनचा दोष, पिंग उडी मारणं हा नेटचा. कार्ड कितीही भारी घेतलं तरी पिंग एका मिलिसेकंदानेही सुधारत नाही. आधी मोजा.

१. गेम चालू असताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरी आणि डिस्क किती टक्के आहे ते लिहून ठेवा. सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर' निवडा, म्हणजे चारही कोअर वेगवेगळे दिसतील. सरासरी ७० टक्के दिसत असताना एखादा कोअर १०० ला टेकलेला असू शकतो.

२. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाका. 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून जो पत्ता येतो तो तुमच्या राउटरचा. त्याला सलग पिंग लावा (शेवटी डॅश टी) आणि गेम खेळा. घरातल्या राउटरपर्यंतचा पिंगच हलत असेल तर कनेक्शन देणाऱ्याला फोन करून उपयोग नाही.

३. एचडब्ल्यू-इन्फो उतरवून सीपीयूचं कमाल तापमान बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे वगळू नका.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
आकडे घेतले. मेमरी ९४ टक्के, डिस्क थिजते तेव्हा १०० टक्के. राउटरचा पिंग २ ते १८० मध्ये नाचतो, मधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. सीपीयू ९१ अंश.

मेहरूणची_बोरं (जळगाव)
म्हणजे कार्डाच्या आधीच तीन रोग सापडले आणि त्यातला एक फुकटात बरा होतो. तापमानापासून सुरू करते.

३४७० सोबतचा इंटेलचा गोल कूलर चार पुशपिनवर बसतो. जुन्या मशीनमध्ये हमखास एखादी पिन अर्धवट निसटलेली असते आणि आतली पेस्ट वाळून खडू झालेली असते. काढताना पिनच्या डोक्यावरचा बाण पाहा, त्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायची. बसवण्याआधी चारही पिना उलट फिरवून मूळ जागी आणायच्या, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने 'टक' आवाज येईपर्यंत दाबायच्या. बोर्डाच्या मागून चारही काळे खिळे पूर्ण बाहेर आलेत का ते डोळ्यांनी बघा. इथेच बहुतेकांचं चुकतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या वाऱ्याने पंखा गरागरा फिरला की बेअरिंग खराब होतं.

आणि कुलर! खान्देशात घरोघरी वाळ्याचा किंवा हनीकोंबचा डेझर्ट कुलर. खोली गार होते, ती मशीनच्या फायद्याचीच. पण कॅबिनेट कुलरच्या थेट झोतात नको. पंपाचा जोर जास्त असला की बारीक तुषार हवेसोबत येतात. बोअरचं पाणी जड असेल तर ते वाळून पांढरे क्षार बोर्डावर बसतात, त्यावर धूळ चिकटते, आणि दमट हवेत तो थर विजेला वाट करून देतो. कॅबिनेट बाजूला, जमिनीपासून वीतभर वर, मागे भिंतीपासून हातभर जागा.

खोलीचं तापमान २८ चं ४२ झालं की सीपीयूचं तापमानही साधारण तेवढ्याच अंशांनी चढतं. त्यामुळे डिसेंबरमधल्या आकड्यावर मे महिन्याचा हिशेब करू नका.

लळिंग_किल्ला (धुळे)
नेटचं मी घेतो.

यूएसबी डोंगल फेकून द्या असं नाही म्हणत, पण गेमसाठी नको. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे एकाच पट्ट्यात गर्दी करतात. पॅकेट हरवलं की डोंगल ते पुन्हा पाठवतं, आणि तोच वेळ तुम्हाला १८० मिलिसेकंद म्हणून दिसतो. डाउनलोडला फरक कळत नाही, गेमला कळतो.

इलाज म्हणजे लॅन केबल. कॅट ५ई पुरते, कॅट ६ मिळाली तर छान. मात्र शुद्ध तांब्याची मागा. स्वस्तातल्या गुंडाळीत बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ती वाकवली की आतून तुटते आणि कनेक्टरमध्ये काही महिन्यांत ढिली पडते. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं की आतून पांढरं निघतं, लगेच कळतं.

कनेक्टर स्वतः ठोकणार असाल तर दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबल विजेच्या वायरीला समांतर, त्याच पट्टीतून नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. लांबीची चिंता नको, मर्यादा १०० मीटरची आहे.

तुमच्या एच६१ बोर्डाचा लॅन १०० एमबीपीएसचा असला तरी बिघडत नाही. गेमला एक एमबीपीएससुद्धा लागत नाही, त्याला हवी ती नियमितता. घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला घेतला की पिंग चढतो का, ते केबल टाकल्यावर तपासा. चढत असेल तर राउटरमध्ये क्यूओएस (कुणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) शोधा आणि डाउनलोड-अपलोड दोन्हींची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते.

गेममध्ये सर्व्हर मुंबई निवडलाय ना, तेही पाहा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे खान्देश ते मुंबई जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंदांचं अंतर. बाकीचा वेळ रस्त्यातल्या उपकरणांचा आणि वळशांचा. २५ ते ४० स्थिर मिळत असेल तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. सीएस२ मध्ये मॅचमेकिंगच्या कमाल पिंगची मर्यादा खाली ओढा, नाहीतर ते दूरच्या सर्व्हरवर बसवतं.

सारंगखेडा_घोडा
सगळं बरोबर, पण आधी एसएमपीएस दखा, मंग कार्डनं नाव काढा. त्या '४५० वॉट'च्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
१४ अँपिअर.

सारंगखेडा_घोडा
१४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॉट. ही झाली तुमच्या ४५० ची खरी किंमत. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. ३४७० चे ७७ वॉट, स्लॉटवर चालणाऱ्या कार्डाचे ७५, वर पंखे आणि हार्ड डिस्क. मर्यादेलाच जाऊन टेकलात. एवढ्या भारावर असा एसएमपीएस लगेच मरत नाही, व्होल्टेज खाली सोडतो. मग गेम रंगात आला की मशीन रीस्टार्ट, आणि दोष कार्डावर. खरोखर मेला तर कधी कधी बोर्ड सोबत घेऊन जातो.

८० प्लस ब्राँझचा ४५० वॉट घ्या, १२ व्होल्टवर ३४ ते ३६ अँपिअर असलेला. तो पुढच्या मशीनमध्येही जाईल. माझा साधा नियम: जुन्या मशीनवर खर्च करताना जे उद्या उचलून दुसरीकडे लावता येईल त्यावर करा. एसएमपीएस, एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवरची साठवण), कार्ड जातात. डीडीआर३ आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर इथेच राहणार.

अर्थिंगही बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडीवर साधारण अर्धं व्होल्टेज तरंगतं. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून घ्या: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात पाणी सोडत राहा.

केळीपट्टा (रावेर)
बाकी राहू द्या, एक आय७-३७७० टाका की. सेकंडहँड स्वस्तात मिळतो, तोच सॉकेट, आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं). सीएस२ ला थ्रेड आवडतात.

भुसावळ_लोको
आवडतात हे खरं. सीएस२ ची किमान मागणीच चार हार्डवेअर थ्रेड, आय५-७५० किंवा वर, ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा अशी आहे. ३४७० चे चार कोअर चार थ्रेड, म्हणजे काठावर पास. धूर आणि गोळीबार एकत्र आला की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) तिथे कोसळणारच आणि ३७७० तिथे थोडं सावरेल. पण आज यांची मेमरी ९४ टक्के आणि डिस्क १०० टक्के आहे. प्रोसेसरला कामच वेळेवर पोचत नाही. शिवाय ३७७० टाकल्यावर उष्णता वाढणार आणि स्वस्त एच६१ बोर्डांवर प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंकही नसतो. चाळीसगावच्या उन्हाळ्यात नको.

केळीपट्टा (रावेर)
हीटसिंकचं मान्य. पण नंतर कार्ड लागल्यावर आफ्टरबर्नरमध्ये (कार्डावरचा भार दाखवणारं सॉफ्टवेअर) जीपीयू, म्हणजे कार्डाची चिप, ५०-६० टक्क्यांवर रेंगाळताना दिसला तर माझी आठवण काढा. तेव्हा अडथळा प्रोसेसरचाच असेल.

भुसावळ_लोको
कबूल. तेव्हा ३७७० वर पैसे घालायचे की सरळ आठव्या पिढीचा ऑफिसमधून निघालेला आय५-८५०० घेऊन हेच कार्ड त्यात लावायचं, हा हिशेब पुन्हा करावा. तो घेताना एवढंच पाहा की कॅबिनेट उभा, पूर्ण उंचीचा आहे. सडपातळ डबा असेल तर त्यात फक्त लो-प्रोफाइल कार्ड बसतं. आणि डेलच्या बऱ्याच ऑप्टिप्लेक्समध्ये बोर्डाचा वीज कनेक्टर नेहमीचा २४ पिनचा नसतो, तिथे बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही.

रॅमचं आता. एच६१ वर दोनच स्लॉट. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आहे तशीच, १६०० मेगाहर्ट्झची, ४ जीबीची दुसरी स्टिक. ८ जीबी होते आणि ड्युअल चॅनलही (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) चालू होतो. कार्ड येईपर्यंत प्रोसेसरमधला एचडी २५०० ग्राफिक्स याच रॅममधून खातो, त्यामुळे तोवर ड्युअल चॅनलचा फरक डोळ्यांना दिसेल. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबवर 'ड्युअल' आलं पाहिजे.

८ जीबीच्या स्टिक घेण्याचा मोह झाला तर चिप्स मोजा. एका ८ जीबी स्टिकवर आठच चिप्स असतील तर ती प्रत्येकी ८ गिगाबिटची, तिसऱ्या पिढीचा इंटेल ती घेतच नाही. सोळा असतील तरी ऑनलाइन भाव संशयास्पद कमी दिसला तर वर्णनात 'फक्त एएमडीसाठी' हे बारीक अक्षरांत कुठेतरी असतं. ती इंटेल बोर्डावर काळा पडदा दाखवते. स्टिक लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा. एकही चूक आली तर परत.

एसएसडी साटा जोडणीचीच घ्या. एच६१ चा साटा ३ गिगाबिटवर अडतो, त्यामुळे डब्यावर ५०० एमबी लिहिलेलं इथे २५०-२८० देईल. हरकत नाही, हार्ड डिस्कचा दोष सरळ वेगात नसून विखुरलेल्या छोट्या फायली शोधण्यात आहे, आणि तो एसएसडी पुरता काढते. एसएसडीने सरासरी एफपीएस वाढणार नाही, मधले हिसके कमी होतील. जास्त वेगवान एनव्हीएमई एसएसडीच्या नादाला लागू नका, हा बोर्ड त्यावरून बूट होत नाही. विंडोज नव्याने टाकण्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय करा. आधीची विंडोज आयडीई मोडवर असेल आणि तीच क्लोन करून मोड बदलला तर निळी स्क्रीन येते.

पारोळ्याची_ताई
विंडोजचा विषय निघालाच आहे तर: ११ जबरदस्तीने टाकू नका. विंडोज ११ वर व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड (फसवेगिरी पकडणारा भाग) टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (प्रमाणित सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही मागतो. तुमच्या बोर्डाकडे टीपीएम २.० नाही. तपासणी चुकवून ११ टाकलं तर विंडोज चालेल, व्हॅलोरंट 'व्हॅन ९००१' किंवा '९००३' हा एरर दाखवून बाहेर काढेल. विंडोज १० वर ही अट सरसकट नाही. १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण वाढीव सुरक्षा अपडेटची घरगुती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरून नाव नोंदवून घ्या.

आणि बोर्डावरचं सीआर२०३२ नाण्याचं सेल बदला, इतक्या जुन्या बोर्डावर ते संपत आलेलं असणार. वीज गेली की तारीख मागे जाते, तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रं अमान्य होतात आणि गेम लॉगिनच घेत नाही. लोक राउटर बदलत बसतात.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
भारीच. पेस्ट आणि केबल झाली. सीपीयू आता ७३ वर थांबतो, राउटरचा पिंग सलग १ च्या खाली. आता कार्ड सांगा. सेकंडहँड चालेल.

मेहरूणची_बोरं (जळगाव)
तुमच्यासाठी जीटीएक्स १६५०, ४ जीबी, ६ पिनचा कनेक्टर नसलेला. ७५ वॉट, सगळे स्लॉटमधून. परवडला नाही तर १०५० टीआय, तोही ७५ वॉटचा, पण त्या पिढीला एनव्हिडियाने गेम-रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत. सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. आज चालेल, उद्याच्या गेमला अडेल.

जीटी ७१० आणि ७३० 'टू जीबी, फोर जीबी' म्हणून खपवतात. ऑनलाइन गेमसाठी घेऊ नका, जीबीचा आकडा मोठा आणि कार्ड लंगडं. जीटी १०३० घेतलाच तर जीडीडीआर५ चा. त्याच नावाने डीडीआर४ चाही विकला जातो आणि त्याची मेमरी जवळपास तिप्पट हळू आहे. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी नवीन दिसतात, पण त्यांना चारच लेन (डेटाच्या वाटा). जुन्या पीसीआयई स्लॉटवर त्यांचा दम निघतो. आरएक्स ५७० चांगला आहे, पण त्याला १५० वॉट आणि ८ पिनचा कनेक्टर लागतो.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घ्या, सुरतेहून मागवा किंवा कुणाच्या घरून, पैसे देण्याआधी समोर बसून हे करा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. १६५० ला ८९६ शेडर (कार्डातले गणना करणारे घटक), १०५० टीआयला ७६८ दिसले पाहिजेत, दोन्हींना १२८ बिट बस. नाव १०५० टीआय आणि आत जुन्या फर्मी पिढीची चिप असे बायोस बदललेले कार्ड बाजारात फिरतात. जीपीयू-झेड नावाआधी 'फेक' असा शिक्का दाखवतं. आरएक्स ५८० घेत असाल तर २३०४ शेडर. २०४८ असेल तर तो ५७० च आहे, भाव त्याचाच द्या. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) पंधरा मिनिटं. तापमान ८३ च्या खाली स्थिर राहावं, पंख्यातून खरखर नको, पडद्यावर ठिपके किंवा रेघा अजिबात नकोत. स्क्रूवर खुणा आणि चिपभोवती पिवळसर फ्लक्स दिसला तर कार्ड कुणीतरी गरम हवेने उघडलंय. सोडून द्या.

लळिंग_किल्ला (धुळे)
आणि मॉनिटर! १६५० वर व्हीजीए नसतं. त्यावरच्या डीव्हीआयला साधा प्लास्टिकचा व्हीजीए ॲडॅप्टर लागत नाही, कारण ते डीव्हीआय-डी, त्यात ॲनालॉग सिग्नलच नाही. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. आणि केबल कार्डाला लावा. बोर्डाच्या जुन्या पोर्टलाच लावून 'कार्डाने काही फरक पडला नाही' म्हणणारे दर महिन्याला एक तरी इथे येतात.

सारंगखेडा_घोडा
कार्ड लावल्यावर डिस्प्ले आलाच नाही तर घाबरू नका. एच६१ च्या जुन्या बायोसचं नव्या कार्डांशी कधी कधी जमत नाही. क्रमाने करा: कार्ड काढून पुन्हा बसवा, सेल काढून बायोस रीसेट करा, बोर्डाच्या ग्राफिक्सवर चालू करून बायोसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआयई निवडा, तरी नाही तर बोर्ड बनवणाऱ्याच्या पानावरून बायोस अपडेट. हे अपडेट यूपीएसशिवाय करायचं नाही. मधेच लाइट गेली तर बोर्ड गेला. म्हणूनच कार्ड घेताना 'चाललं नाही तर परत' हे आधी ठरवून घ्या.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा, तुम्हाला पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण 'यूपीएस मोड'ला ठेवा, दुसऱ्या मोडमध्ये अदलाबदलीला जास्त वेळ लागतो आणि मशीन बंद पडतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
माझ्याकडे आलेले भाव: १६५० सेकंडहँड ५,८००, ब्राँझ एसएमपीएस २,७००, २५६ जीबी एसएसडी १,९००, ४ जीबी स्टिक ५००, कन्व्हर्टर ४००, केबलचे ५०० गेलेच. एकूण ११,८००. जमतंय. जुन्या हार्ड डिस्कचं काय करू? आणि एफपीएस किती धरू?

भुसावळ_लोको
मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, दोन्ही गेममध्ये एफपीएसची मर्यादा ७५ च्या आसपास बांधा. मोकळं सोडलं तर कार्ड विनाकारण तापतं. १३६६ बाय ७६८ वर १६५० ला काही जड नाही, सीएस२ मध्ये छाया आणि शेडरचा तपशील मात्र 'लो' ठेवा. नवीन अपडेटनंतरचा पहिला सामना थोडा हिसके देतो, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम (त्यांनाही शेडरच म्हणतात) नव्याने बनत असतात. त्यावर निकाल देऊ नका.

हार्ड डिस्क सिनेमे आणि फोटोंसाठी राहू द्या. क्रिस्टल-डिस्क-इन्फोमध्ये 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टर (खराब झालेले किंवा होत असलेले भाग) शून्याच्या वर असतील तर तीही काढा. मरत चाललेली डिस्क नुसती जोडलेली असली तरी अख्खी विंडोज तिच्या उत्तरासाठी थांबते. विंडोज टाकताना तिची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फायली जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि पुढे ती काढल्यावर मशीन चालू होत नाही.